बागेसाठी क्वाड बाईक घ्यायची? आधी उतार मोजा

नागाव, काशीदसारख्या किनाऱ्यांवर जाड टायरच्या चारचाकी बाईक आता सगळ्यांच्या ओळखीच्या झाल्या आहेत. पर्यटक दहा मिनिटांची फेरी मारतात, फोटो काढतात आणि निघून जातात. पण या गाड्यांकडे आमचे बागायतदारही बघत असतात आणि त्यांचा प्रश्न वेगळा असतो. ही गाडी आपल्या कलमांच्या बागेत चालेल का? खताच्या गोणी वर नेता येतील, आंब्याचे क्रेट खाली आणता येतील, आणि मे महिन्यात मुंबईहून मुलं आली की रानवाटांवर एखादी फेरीही होईल.

हा प्रश्न अगदी रास्त आहे. बाग डोंगरउतारावर, गडीमाणसं मिळेनाशी झालेली, घरात राहिलेली माणसं साठीच्या पुढची. डोक्यावरून ओझी वाहणं कमी करणारं कोणतंही साधन कोकणात हवंच आहे. एकच गाडी कामाला आणि भटकंतीला वापरता येते, हेही खरं. मात्र ती किनाऱ्यावर दिसणारी गाडी बहुधा नसते. आणि ती निवडताना सगळे जण विचारतात ते ‘किती सीसी?’ आणि ‘किती चढते?’. विचारायला हवं ते वेगळंच: भरलेली असताना ओल्या उतारावरून ती सुखरूप खाली येते का?

## क्वाड बाईक म्हणजे नेमकं काय

मोटारसायकलसारखं हँडल, घोड्यावर बसावं तशी बैठक आणि खाली चार रुंद, कमी हवेचे टायर. एटीव्ही म्हणतात ती हीच. होंडाने १९७० मध्ये अशी पहिली गाडी बाजारात आणली तेव्हा तिला तीनच चाकं होती. तीनचाकी वळणावर उलटायची, माणसं जखमी व्हायची, आणि १९८८ मध्ये अमेरिकेत तिची विक्री थांबवावी लागली. तोवर सुझुकीने चारचाकी आणलेली होती. पुढे अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमधल्या शेतकऱ्यांनी ती गुरांमागे, कुंपणांच्या कामाला जुंपली.

आज तिचे ढोबळमानाने दोन वर्ग आहेत. पहिला खेळाचा: हलकी, वेगवान, फक्त मागच्या चाकांना ताकद, सामान ठेवायला जागा नाही. दुसरा कामाचा: पुढे-मागे लोखंडी रॅक, मागे ट्रेलर जोडायला हिच, चारही चाकांना ताकद आणि एक संथ गिअर. किनाऱ्यावर भाड्याने फिरतात त्या बऱ्याचशा पहिल्या वर्गातल्या, त्यातही लहान इंजिनाच्या असतात. सपाट, घट्ट पुळणीवर त्या मजेत पळतात. त्याच गाडीवर ५० किलोची गोणी बांधून जांभ्याच्या चढाला लावली, की मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागतात.

म्हणून दोन्ही हेतूंसाठी एकच गाडी घ्यायची तर निवड कामाच्या वर्गातून करायची. कामाची गाडी रानवाटेवर छान फिरते, खेळाची गाडी मात्र ओझं वाहत नाही. ४०० ते ६०० सीसीच्या दरम्यानची, फोर बाय फोर, द्रवाने थंड होणाऱ्या इंजिनाची गाडी कोकणातल्या बहुतेक बागांना पुरते. त्याहून मोठी गाडी जड असते, आणि तो जडपणा पुढे उतारावर नडतो.

## सीसीपेक्षा मोलाच्या गोष्टी

पहिली गोष्ट म्हणजे लो गिअर. बहुतेक क्वाडमध्ये स्कूटरला असते तीच पट्ट्यावर चालणारी गिअरव्यवस्था असते. तिला सीव्हीटी म्हणतात. वेग वाढेल तसा पट्टा पुलीवर वर-खाली सरकतो, आपल्याला गिअर बदलावे लागत नाहीत. पण ओझं घेऊन हळू चढताना पट्टा घसरतो, तापतो आणि जळका वास येऊ लागतो. लो गिअर टाकला की इंजिन आरामात फिरतं, चाकं सावकाश पण जोमाने. भार असेल, ट्रेलर असेल किंवा माणसाच्या चालीने जायचं असेल तर लो लावायचा, हा नियम पाळला तर पट्टा कितीतरी जास्त टिकतो.

दुसरी गोष्ट मागचं सस्पेन्शन. काही गाड्यांत मागची दोन्ही चाकं एकाच सरळ दांड्याला जोडलेली असतात. एक चाक दगडावर चढलं की बैलगाडीसारखी सगळी गाडी कलते. काहींत प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वर-खाली होतं. सरळ दांड्याची गाडी मजबूत, दुरुस्तीला सोपी आणि स्वस्त असते. स्वतंत्र सस्पेन्शनची गाडी आपल्या खडबडीत वाटांवर चारही चाकं जमिनीला टेकवून ठेवते, पाठीला हादरे कमी बसतात आणि मागे हापूस असेल तर तोही कमी आदळतो. दोन्ही उपयोगांसाठी गाडी घेत असाल तर स्वतंत्र सस्पेन्शनसाठी जास्त पैसे मोजणं मला योग्य वाटतं.

टायर लहान गोष्ट वाटते, पण नाही. मोटारीच्या टायरमध्ये साधारण तीसेक पीएसआय हवा असते. क्वाडच्या टायरमध्ये पाच ते सात. या मऊपणामुळेच ती चिखलात रुतत नाही. पंपावरच्या नेहमीच्या मापकावर एवढी कमी हवा नीट कळत नाही, त्यासाठी कमी दाबाचा वेगळा मापक घ्यावा. डाव्या-उजव्या चाकांत दोन पीएसआयचा फरक पडला तरी गाडी एका बाजूला ओढते.

## चढण दिसते, उतरण फसवते

विक्रेता गाडी चढवून दाखवतो. बघायला ते छानच वाटतं. पण आपल्याकडे धोका मोठा असतो तो उलट्या दिशेला.

गाडी उताराला लागली की तिचं वजन पुढच्या चाकांवर सरकतं आणि मागची चाकं हलकी होतात. अशा वेळी गाडी धरून ठेवण्याचं काम ब्रेकपेक्षा इंजिनाने करायला हवं. थ्रॉटल सोडल्यावर इंजिन चाकांना मागे खेचतं, त्याला इंजिन ब्रेकिंग म्हणतात. सीव्हीटीची एक खोड इथे लक्षात घ्यायला हवी. इंजिनाचा वेग फार कमी झाला की काही गाड्यांत पट्टा सुटा होतो, आणि गाडी न्यूट्रलमध्ये असल्यासारखी मोकळी धावू लागते. ज्या गाडीत इंजिन ब्रेकिंगची खास सोय नाही, ती उताराच्या बागेसाठी घेऊ नये, एवढं मी ठामपणे सांगेन.

सोय असली तरी पुढचा प्रश्न विचारायचा: हे ब्रेकिंग फक्त मागच्या चाकांवर येतं की चारही? ओझं असेल तोवर मागची चाकं थोडीफार पकड धरतात. पण गोणी वर टाकून रिकाम्या रॅकने खाली येताना, जुलैतल्या शेवाळलेल्या कातळावर, फक्त मागची चाकं अडली तर गाडीचा मागचा भाग बाजूला सरकतो. गाडी आडवी होते. आणि आडवी झालेली क्वाड उतारावर उलटायला वेळ लागत नाही.

इथे आपली पायांची सवय आड येते. सड्यावरून, म्हणजे कातळाच्या पठारावरून, ओझं घेऊन उतरणारा माणूस नागमोडी, तिरका चालतो, कारण त्याला ते सोपं जातं. क्वाडला तिरकं उतरणं सगळ्यांत वाईट. ती सरळ खाली आणायची, लो गिअरमध्ये, अंग मागे टाकून. वाट मुळातच तिरकी असेल तर ती आधी सपाट करून घ्यायची, वरच्या अंगाची माती खालच्या अंगाला ओढून. वर्षातून दोन दिवस फावडं चालवलं तर ते हजारो रुपयांच्या जादा उपकरणांपेक्षा उपयोगी पडतं.

चढताना भीती दुसरी आहे. खताची गोणी मागच्या रॅकवर, चढ तीव्र, चालक घाबरून एकदम थ्रॉटल देतो. पुढची चाकं उचलली जातात आणि गाडी मागच्या मागे उलथते. म्हणून वर जाताना काही ओझं पुढच्या रॅकवर घ्यायचं आणि अंग पुढे झुकवायचं. मध्येच इंजिन बंद पडलं तर ब्रेक दाबून थांबायचं. गाडी मागे गडगडू लागली की तिला आवरणं कठीण असतं.

## चार फुटांची काठी घेऊन बागेत फिरा

शोरूमला जाण्याआधी एक काम करा. बरोबर चार फुटांची सरळ काठी कापा. मध्यम आकाराच्या क्वाडची रुंदी साधारण एवढीच असते. गोठ्यापासून किंवा खताच्या खोलीपासून शेवटच्या कलमापर्यंत काठी आडवी धरून चालत जा. बेड्यातून, म्हणजे कुंपणाच्या दारातून, जाते का? दोन गडग्यांमधल्या (दगडी बांधांमधल्या) वाटेवर दोन्ही बाजूंना वीतभर तरी मोकळी उरते का? पाखाडीचं वळण काटकोनात असेल तर गाडी वळणार कुठे? पायऱ्यांची पाखाडी असेल तर तो रस्ता सोडून द्या. ओझ्यासह रोज पायऱ्या चढणं-उतरणं हे तिचं काम नव्हे.

हीच काठी उतारही मोजते. काठीचं एक टोक वरच्या अंगाला जमिनीवर टेकवा आणि काठी पाणसळीने आडवी सपाट धरा. दुसऱ्या टोकापासून खालच्या जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. ते सुमारे तेरा इंच भरलं तर उतार १५ अंशांचा आहे. काही कंपन्यांच्या पुस्तिकांत, विशेषतः ट्रेलर जोडलेला असताना, हीच मर्यादा दिलेली असते. तुम्ही घेणार त्या गाडीच्या पुस्तिकेतला आकडा पाहा आणि बागेतली सर्वांत तीव्र जागा त्याच्याशी ताडून बघा. डोळ्यांना १५ अंश फारच कमी वाटतात. बागेत मोजून बघितल्यावर मात्र कळतं की आपल्या कितीतरी वाटा त्याच्या पलीकडे आहेत.

## किती ओझं, याचा हिशेब

रॅकवर चार माणसांना पुरेल एवढी जागा दिसते म्हणून हवं तेवढं लादता येत नाही. उदाहरण म्हणून पोलारिसची स्पोर्ट्समन ५७० घेऊ. तिच्या पुढच्या रॅकची मर्यादा सुमारे ४१ किलो, मागच्याची सुमारे ८२ किलो, आणि चालकासकट एकूण भार सुमारे २२० किलो. चालक ७५ किलोचा धरला तर दोन्ही रॅक भरल्यावर १९८ किलो होतात. उरले जेमतेम २२.

आंब्याचा भरलेला क्रेट साधारण वीस किलोचा. म्हणजे मागे चार आणि पुढे दोन, एका खेपेला सहा क्रेट, त्यातही मागचे एकावर एक न चढवता शक्य तेवढे खाली आणि घट्ट बांधून. उंच रचलेल्या ओझ्याने गाडीचा तोल वर सरकतो, आणि मग जी वाट रिकाम्या गाडीला सोपी होती तीच धोक्याची होते.

फवारणीचं गणित अनेकांचं इथेच चुकतं. २०० लिटरचा ड्रम पाण्याने भरला की २०० किलो झाला, ड्रमचं वजन वेगळं. तो रॅकवर ठेवताच येत नाही. त्यासाठी ट्रेलर हवा. बरं, ड्रम अर्धा रिकामा झाला की आतलं पाणी वळणावर एका बाजूला आदळतं, आणि अर्धा ड्रम भरलेल्या ड्रमपेक्षा जास्त त्रास देतो. बारा व्होल्टच्या पंपाची पन्नास-साठ लिटरची टाकी मागच्या रॅकवर बसते आणि उताराच्या बागेत तीच सुरक्षित. जास्त खेपा होतील, होऊ द्या.

ट्रेलर ओढण्याची क्षमता अशा गाडीत साडेपाचशे-सहाशे किलोच्या आसपास असते, पण तो सपाट जमिनीचा आकडा आहे. अशा ट्रेलरला सहसा स्वतःचे ब्रेक नसतात. उतारावर तो मागून गाडीला ढकलतो. शिवाय ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा हिचवर येतो आणि तो बहुतेक गाड्यांत मागच्या रॅकच्या हिशेबात धरावा लागतो. चिरे, शेणखत, नारळ असं जड सामान ट्रेलरने न्यायचं तर सपाटीवरच न्यावं.

## ‘मागे एक जण बसला तर काय बिघडतं?’

बैठक लांब असते, म्हणून दोघांची वाटते. ती लांब ठेवलेली असते ती चालकाला पुढे-मागे सरकता यावं म्हणून. चढावर पुढे, उतारावर मागे, वळणावर आतल्या बाजूला; चालकाचं अंग हा या गाडीच्या तोलाचा एक भागच आहे. मागे माणूस बसला की ही हालचाल बंद होते. दोघांसाठी म्हणून बनवलेली, लांब चाकअंतराची मॉडेलं मिळतात. दुसरा माणूस नेहमी असणारच असेल तर तीच घ्या.

ऑस्ट्रेलियात शेतावरच्या मृत्यूंमध्ये क्वाड बाईक हे मोठं कारण ठरलं. गाडी उलटून चालक तिच्याखाली दबून गेले. तीनशे किलोंची गाडी एकट्या माणसाला अंगावरून बाजूला करता येत नाही. तिथे ११ ऑक्टोबर २०२१ पासून कामाच्या नव्या क्वाडला चालकाच्या मागे संरक्षक कमान सक्तीची झाली. होंडा आणि यामाहाने त्या बाजारातून माघार घेतली, तरी सरकारने नियम बदलला नाही. आपल्याकडे अशी सक्ती नाही. पण बागेत एकट्याने काम करणाऱ्या माणसाने हेल्मेट घालावं, फोन अंगावरच ठेवावा, रॅकवर नको, आणि मोठी क्वाड मुलांच्या हाती देऊ नये. सुट्टीत आलेला बारा वर्षांचा भाचा कितीही हट्ट धरो, गाडीला पुरून उरेल एवढं वजन त्याच्या अंगात नसतं.

## ‘त्यापेक्षा मिनी ट्रॅक्टर का नको?’

अनेकांच्या बाबतीत उत्तर आहे, हो, तोच घ्या. नांगरट, चिखलणी, पीटीओवर चालणारा फवारणी पंप ही कामं क्वाडच्या आवाक्यातली नाहीत. पीटीओ म्हणजे इंजिनाची ताकद बाहेरच्या यंत्राला देणारा फिरता दांडा. क्वाडला तो नसतो. मिनी ट्रॅक्टर आणि पॉवर टिलरला कृषी यांत्रिकीकरण योजनेत अनुदानासाठी अर्ज करता येतो, गावातला मेकॅनिक ते दुरुस्त करतो. भातशेती आणि सपाट वाडी असेल तर क्वाडवर पैसे घालणं मला पटत नाही.

क्वाड उजवी ठरते ती वाट अरुंद, बाग पसरलेली आणि दिवसभर लहान-लहान ओझी ने-आण करायची असतात तेव्हा. राखणीला फेरी मारायची, पाइप कुठे फुटलाय बघायचं, तोडलेला आंबा उन्हात न ठेवता लगेच खाली आणायचा. तिचे मऊ टायर मुळांवरची माती ट्रॅक्टरएवढी दाबत नाहीत.

## रस्ता, पुळण आणि सडा

बाग रस्त्याच्या पलीकडे असेल तर हा मुद्दा निर्णायक आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार सार्वजनिक जागेत वाहन चालवायला नोंदणी लागते, आणि सार्वजनिक जागा म्हणजे लोकांना जिथे जाण्याचा हक्क आहे अशी कोणतीही जागा, फक्त डांबरी रस्ता नव्हे. बहुतेक क्वाड रस्त्यासाठी मान्यताप्राप्त नसतात. अपवाद आहेत, पोलारिसने स्पोर्ट्समन ५७० ची कृषी ट्रॅक्टर म्हणून नोंदणी होणारी आवृत्ती भारतात आणली होती. ‘आरटीओचं बघू आपण’ असं विक्रेता म्हणाला तर एकच विचारा: कंपनीचा फॉर्म २२, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचा दाखला, मिळेल का? तो नसेल तर नोंदणी नाही, विमा नाही, आणि रस्ता ओलांडताना अपघात झाला तर सगळा भार तुमच्यावर.

भटकंती कुठे करायची, हेही ठरवून घ्या. पुळणीवर नको. वेळास, आंजर्ले यांसारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं हिवाळ्यात अंडी घालतात. वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्रने संरक्षणाचं काम उभं केलं. घरटं वाळूखाली हातभर खोल असतं, वरून दिसत नाही. टायरने वाळू दबते, आणि पिल्लं बाहेर आली की चाकाच्या खोल चाकोरीत अडकून समुद्रापर्यंत पोहोचत नाहीत. वाळूच्या टेकड्या आणि कासवांच्या विणीच्या जागा किनारा नियमन क्षेत्रात सर्वाधिक संरक्षित गटात येतात.

सड्यावरही जपून. मोकळा, ओसाड दिसणारा कातळ खरं तर तसा नसतो. बारसू, कशेळी, उक्षी, देवाचे गोठणे इथली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली, आणि अशी शिल्पं असलेले कितीतरी सडे कुंपणाशिवाय उघडे आहेत. उन्हात त्या उथळ रेषा डोळ्यांनाही नीट दिसत नाहीत, चालत्या गाडीवरून तर नाहीच. स्वतःच्या जमिनीतल्या वाटा, शेजाऱ्याला विचारून त्याच्या वाटा, बैलगाडीचे जुने रस्ते एवढं पुरे आहे. वनखात्याच्या जमिनीत परवानगीशिवाय जाऊ नका.

## पाऊस, खारं वारं आणि वाळलं गवत

पऱ्या (ओढा) ओलांडताना पाणी पट्ट्याच्या डब्यात शिरलं तर पट्टा घसरतो, इंजिन ओरडतं, पण गाडी हलत नाही. डब्याच्या हवेच्या नळ्या किती उंचावर काढल्या आहेत ते घेतानाच पाहा. पाण्यातून बाहेर आल्यावर ब्रेक हळूहळू दाबून आधी कोरडे करा, मग उताराला लागा.

समुद्राजवळ गाडी नुसती उभी असली तरी गंजते. दर आठवड्याला गोड्या पाण्याने धुणं, ग्रीसच्या निपलांना ग्रीस देणं आणि बॅटरीच्या टोकांना पेट्रोलियम जेली लावणं एवढं केलं तरी फरक पडतो. प्रेशरने धुताना बेअरिंगवर थेट धार मारू नका.

फेब्रुवारीपासून पुढे सायलेन्सर रोज बघायचा. वाळलं गवत, काजूचा पाला गाडीच्या पोटाखाली, तापलेल्या नळीभोवती साचत जातो. तो पेटला की वणवा तुमच्याच बागेतून सुरू होतो, आणि वाऱ्याच्या दिवसांत शेजारच्या चार बागा घेऊन जातो. काम संपल्यावर पाला काढून टाका, गाडी वाळल्या गवतात उभी करू नका, आणि घेताना ठिणगी अडवणारी जाळी सायलेन्सरला आहे का ते विचारा.

शेवटी विक्रेत्याकडे दोन मागण्या ठेवा. पट्टा, ब्रेक पॅड आणि एअर फिल्टर किती दिवसांत मिळतो हे लेखी द्या म्हणावं. आंब्याच्या ऐन हंगामात तीन आठवडे पट्ट्याची वाट बघत बसणारी गाडी काही कामाची नाही. आणि चाचणी शोरूमच्या फरशीवर नको, आमच्या उतारावर हवी. मागच्या रॅकवर गोणी बांधून, लो गिअरमध्ये, थ्रॉटल पूर्ण सोडून खाली आणायची. चालवायला कंपनीचा माणूस बसू दे. तुम्ही बाजूला उभे राहून मागच्या चाकांकडे बघा.